‘मित्रासाठी सुवर्ण सोडलं’ म्हणे!

काकांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, खाली हात जोडलेले सात-आठ इमोजी. एरवी मी तो न वाचताच वर सरकवला असता, पण त्यात ‘सेबर’ हा शब्द दिसला आणि अंगठा थांबला. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात सेबर म्हणजे काय हे ठाऊक असलेली माणसं दोन. एक माझा चौदा वर्षांचा भाचा, जो ते खेळतो, आणि दुसरा मी, जो त्याला स्कूटरवर बसवून स्पर्धांना नेतो.

फॉरवर्डमधली गोष्ट थोडक्यात अशी. 2018, जकार्ताचं एशियाड. तलवारबाजीतल्या सेबर या प्रकारात पुरुषांची वैयक्तिक फायनल, दोन्ही खेळाडू दक्षिण कोरियाचे, स्कोअर 14-14, म्हणजे पुढचा पॉइंट घेईल तो जिंकणार. थोरल्या गू बोन-गिलकडे आधीची सुवर्णपदकं असल्यामुळे त्याला सक्तीची लष्करी सेवा माफ. धाकटा ओ सांग-उक हरला तर त्याला बंदूक घेऊन सीमेवर जावं लागणार. गू हळूच तलवार खाली करतो, धाकटा जिंकतो. गू रडत म्हणतो, ‘आज मी हरून जिंकलो’. सगळं स्टेडियम उभं. पुढे म्हणे याच धाकट्याने त्या उपकाराची आठवण ठेवून पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलमध्ये पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला हात दिला आणि मुद्दाम पॉइंट सोडले. मध्येच घोड्यांबद्दलही काहीतरी आहे. शेवटी, ‘पदकापेक्षा माणूस मोठा. मुलांना जरूर वाचून दाखवा.’

भाच्याला वाचून दाखवायची गरज पडली नाही. त्याच्याकडे तो आधीच पोचला होता, आणि काकांकडून नव्हे.

आधी मुख्य गोष्ट. ती फायनल गू बोन-गिल जिंकला. 15-14. ओ सांग-उकला रौप्य मिळालं. संपलं! ज्या गोष्टीचा सगळा डोलारा ‘थोरला हरला’ यावर उभा आहे, त्यात थोरला हरलेलाच नाही. 2010 ला ग्वांगझू, 2014 ला इंचॉन आणि 2018 ला जकार्ता, अशी एशियाडची ओळीने तीन वैयक्तिक सुवर्णं गूच्या नावावर आहेत. निकाल कुठेही सापडतो, शोधायला दहा सेकंद लागतात. फॉरवर्ड करायला दोन लागतात, हीच अडचण.

बरं, गू ओ सांग-उककडून कधी हरलाच नाही का? हरला की. 2023 मध्ये, हांगझूच्या एशियाडला. पुन्हा तेच दोघं फायनलला, आणि या वेळी गूला ओळीने चौथं सुवर्ण खुणावत होतं. ओ 15-7 ने जिंकला. तोवर ओची लष्कराची भानगड कधीच मिटलेली होती, त्यामुळे त्यागबिगाचा प्रश्नच नव्हता. धाकटा त्या दिवशी सरस होता, एवढंच. कुणीतरी 2018 चे अश्रू आणि 2023 चा निकाल एकाच पातेल्यात घालून ही खिचडी शिजवली असावी, असा माझा अंदाज आहे.

अश्रू मात्र खरे होते, हे कबूल करतो. जिंकल्यावर मुलाखतीत गूचे डोळे भरून आले. आपल्या जिंकण्यामुळे धाकट्याची सूट हुकली, याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि सांघिक स्पर्धेत आपण मिळून सुवर्ण आणू, असं तो म्हणाला. वैयक्तिक फायनल 20 ऑगस्टला झाली. 23 ला कोरियाच्या संघाने इराणला 45-32 असं हरवलं, ओला सुवर्ण मिळालं आणि त्याबरोबर सूटही. म्हणजे मित्राला मदत झालीच, पण ती त्याच्या बाजूने लढून. समोर उभं राहून मान खाली घातली नाही गूने. ही खरी गोष्ट मला बनावट गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त आवडते, पण तिच्यात तलवार खाली होत नाही ना, मग इमोजी कशाला मिळतील!

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

भाच्याच्या एका स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या फोनवर हाच फॉरवर्ड आला. पाठवणारे त्याच्याच वजनाउंचीच्या, दहावीतल्या एका मुलाचे वडील. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘बेटा, तुझं तर पुढे अजून वय आहे. आमच्याला यंदा दहावीला खेळाचे मार्क लागतात. उद्या समोरासमोर आलात तर विचार कर. हे वाच.’ मी गेलो तेव्हा पोरगं बाल्कनीत लामे जॅकेट घेऊन बसलं होतं. सेबरवाले अंगावर घालतात ते चंदेरी, धातूच्या धाग्याचं जॅकेट. घामाने त्यावर काळपट डाग पडतात आणि त्या जागी टच (म्हणजे पॉइंट देणारा वार) लागला तर मशीन कधीकधी नोंदच घेत नाही, म्हणून तो ओल्या फडक्याने एकेक डाग टिपत होता. वर न बघता म्हणाला, “मामा, सोडलं तर ते चांगलं असतं का?”

चौदा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पडावा, ही त्या फॉरवर्डची कमाई.

म्हणून त्याला एफआयईचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघाचं नियमपुस्तक दाखवलं. आदल्या दिवशी त्याच्या सरांनी व्हिडिओ अपीलसाठी पाठवलं होतं, तेच. त्यात सरळ लिहिलंय: खेळाडूने शेवटपर्यंत पूर्ण ताकदीने आणि खिलाडूपणे खेळायचं, जमेल तितका वरचा क्रमांक मिळवायचा, टच सोडायचे नाहीत आणि सोडा म्हणून मागायचेही नाहीत. ‘मागायचेही नाहीत’ हे मी त्याला दोनदा वाचायला लावलं. प्रतिस्पर्ध्याला फायदा होईल असं खेळणं आणि संगनमत करणं हे दोन्ही चौथ्या गटातले गुन्हे आहेत. तिथे पिवळं नाही, लाल नाही, थेट काळं कार्ड. स्पर्धेतून बाहेर. म्हणजे फॉरवर्डमधली गोष्ट खरी असती, तर उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या त्या स्टेडियमने एका फिक्सिंगला सलामी दिली असती. क्रिकेटमध्ये कुणी मित्रासाठी नोबॉल टाकला तर आपण काय काय बोलतो ते आठवा, आणि मग हात जोडा.

खोटं कशाला बोलू, सेबरमध्ये टच सोडणं सोपं आहे. तलवार खाली वगैरे करावी लागत नाही, ते सिनेमातलं. दोघं 4 मीटर अंतरावरच्या रेघांवर उभे असतात, रेफ्रीची हाक आली की झेपावतात, आणि बरेचदा दोघांचेही दिवे लागतात, कारण 170 मिलिसेकंदांच्या आत दोघांचा वार पडला तर मशीन दोन्ही दाखवतं. मग रेफ्री ठरवतो, हल्ल्याचा हक्क कुणाचा. ज्याने आधी हल्ला सुरू केला त्याला टच. दोघांनी एकदमच केला तर कुणालाच नाही, पुन्हा रेघेवर. अशा खेळात पाय पाव सेकंद उशिरा उचलला की झालं. बघणाऱ्याला कळणारही नाही, रेफ्रीलाही नाही. म्हणून तर तो नियम इतका कडक आहे.

बाकीचे मुद्दे पटकन उरकतो.

सीमेवर बंदूक: कोरियात ऑलिंपिकचं कुठलंही पदक किंवा एशियाडचं फक्त सुवर्ण मिळालं तर ही सवलत. एशियाडच्या रौप्याला काहीच नाही, एवढं बरोबर. पण ‘माफ’ हा शब्द जरा सैल आहे. काही आठवड्यांचं मूलभूत लष्करी प्रशिक्षण घ्यावंच लागतं, मग 34 महिने आपल्या खेळात राहायचं आणि 544 तास समाजसेवा करायची. फुटबॉलपटू सोन हुंग-मिननेही 2018 च्याच एशियाडमधल्या सुवर्णानंतर ते प्रशिक्षण पूर्ण केलं होतं, मरीनच्या छावणीत जाऊन.

घोडे: सेबरमध्ये कमरेखाली वार चालत नाही, याचं कारण ‘घोडदळातले वीर शत्रूच्या घोड्याला इजा करत नसत’ असं दिलंय. वा! लढाईत घोडा पाडला की स्वार आपोआप पायाखाली येतो, हे मराठी माणसाला सांगायला हवं का?

पॅरिस: इथे अर्धं खरं आहे. 27 जुलै 2024, ग्रां पॅले. फायनलला ओ सांग-उक आणि ट्युनिशियाचा फारेस फेरजानी. ओ 14 वर होता, सुवर्णाला एक टच उरलेला. फेरजानी मागे सरकताना पडला. ओने वार केला नाही, थांबला, हात देऊन त्याला उठवलं. हे मी स्वतः पाहिलंय आणि पाहताना बरं वाटलं. पण ‘मुद्दाम पॉइंट सोडले’? फेरजानी त्यानंतरही झगडत 11 पर्यंत आला, ते त्याचे कमावलेले टच होते. एका टचसाठी अडकलेल्या ओचा चेहरा त्या मिनिटाला बघा, दानधर्म करणाऱ्या माणसाचा तो चेहरा नाही. 15-11 झालं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. पडलेल्याला हात देणं वेगळं आणि उभ्या असलेल्याला पॉइंट देणं वेगळं. पहिल्यात माणुसकी आहे, दुसऱ्यात समोरच्याचा अपमान. ट्युनिशियाच्या त्या पोराने ऑलिंपिकचं रौप्य जिंकलं, आणि आपल्या ग्रुपवर त्याचे टच खिरापतीत जमा!

काकांना हे सगळं मी फोनवर सांगितलं. काका म्हणाले, “अरे, भावना बघ ना.” भावनाच बघतोय काका.

दुसऱ्या दिवशी ते दोघं समोरासमोर आलेच, सेमीफायनलला. मी कडेला बाकावर. भाचा 8-5 ने पुढे होता, तिथे ब्रेक झाला. मग त्या दहावीतल्या मुलाने काहीतरी बदललं. हल्ला करायचं सोडून तो मागे मागे जायला लागला, भाच्याला आत ओढायला लागला, आणि भाच्याने हात लांब केला की त्याचा वार अडवून उलट मारायचा. पाच टच तसेच घेतले. 15-13 ने तो जिंकला. भाच्याने मास्क काढला, तेव्हा केस कपाळाला चिकटलेले आणि डोळे लाल. हात मिळवला आणि पाणी प्यायला गेला.

घरी येताना मागच्या सीटवर फोन वाजला. त्या वडिलांचा मेसेज. ‘बेटा, उपकार विसरणार नाही. खरा खिलाडू आहेस.’ खाली हात जोडलेले.

पुढच्या सिग्नलला त्याने मला उत्तर दाखवलं, पाठवू का म्हणून.

‘काका मी काही सोडलं नाही. तो भारी खेळला. त्याला सांगा प्लीज.’