तेल आहे? आहे!

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या मराठी इंजिनियरला कधी ना कधी जुनी गाडी घ्यायची खाज येतेच. दिवसभर ऑफिसात गाड्यांच्या एक्सेल शीटा भरायच्या म्हणजे संध्याकाळी हात काळे करायला घरी एखादं डबडं लागतं. माझं डबडं म्हणजे 1996 ची माझदा मियाटा, जन्म हिरोशिमाचा, गंज मिशिगनचा. सीट दोनच, आणि आम्ही घरात चौघं, त्यामुळे ती बाहेर काढली की उरलेले दोघं रुसतात. बायको तर म्हणते, "अरे ही गाडी आहे की वाटणीचा दावा?"

तर या गाडीला मी टर्बो बसवला. आता टर्बो आला की इंजिन चालवणारा कंपनीचा कॉम्प्युटर बावचळतो, कारण बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात दाबून भरलेली जादा हवा, ही भानगड त्याला कोणी शिकवलेलीच नसते. म्हणून तो काढून मेगास्क्वर्ट बसवला. बोलिंग आणि ग्रिपो या दोघांनी काढलेला हा कॉम्प्युटर, घरी सोल्डर करून सुद्धा बनवता येतो, आणि सगळं काही करतो, फक्त ते सगळं त्याला आधी तुम्ही समजावून सांगायचं. त्यातली एक सोय मला फार आवडली: ऑइल प्रेशर गेलं की हा स्वतःच इंजिन बंद करतो. टर्बोची शाफ्ट आणि क्रँकचे बेअरिंग तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतात, तो थर गेला की गाडी गेली, आणि डॅशबोर्डकडे बघून माझा पाय उचलला जाईपर्यंत तर तिचं श्राद्ध उरकलेलं असेल. गाडीत प्रेशरचं घड्याळ आहे, काटा आहे, म्हणजे सेन्सर असणारच, त्याची वायर कॉम्प्युटरला द्यायची. अर्ध्या तासाचं काम!

हा सेन्सर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, ऑइल फिल्टरच्या शेजारी लपलाय. वरून हात घातला तर मनगट अडकतं, खालून घातला तर कोपर. मी जॅकस्टँडवर गाडी चढवून पाठीवर झोपलो, एक हात वर, मान डावीकडे, डोळे मिटलेले कारण वरून माती पडते, आणि बोटांनी चाचपत कनेक्टरची क्लिप शोधतोय. तेवढ्यात फिल्टरवरून एक थेंब निघाला, बोटावरून मनगटावर, मनगटावरून बाहीत, आणि निवांत चालत चालत काखेत जाऊन थांबला. क्लिप दाबली तर ती तुटूनच हातात आली, जुनं प्लास्टिक, त्याचाही काही दोष नाही.

टॉर्च धरायला बाबा होते. बाबा उन्हाळ्यापुरते आलेत, सगळी नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपात झाली, त्यामुळे गाडी वर चढलेली दिसली की त्यांना खुर्ची घेऊन गॅरेजमध्ये बसावंच लागतं. लहानपणी मी टॉर्च धरायचो आणि "उजेड तिकडे काय पाडतोयस, इकडे धर" म्हणून बोलणी खायचो. आता बाबा धरतात, आणि त्यांना जे बघायचं असतं तिथे उजेड पाडतात. मला दिसत होता फक्त सायलेन्सर. बोलणार कोण?

मग वायरिंग. डॅशबोर्डचं घड्याळ बारा व्होल्टवर चालतं आणि मेगास्क्वर्टच्या कानाला पाच व्होल्टच्या वर सोसत नाही. दोघं एकाच वायरवर ठेवले तर कधीतरी बारा व्होल्ट थेट कॉम्प्युटरच्या घशात. म्हणून घड्याळ सोडवलं, सेन्सरची वायर एकट्या मेगास्क्वर्टला दिली, आणि पाच व्होल्टकडून एक किलो-ओहमचा पुल-अप रेझिस्टर टाकला. हा नसेल तर वायर नुसती हवेत तरंगते आणि कॉम्प्युटर मनाला येईल ते वाचतो.

गाडी सुरू केली, लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ, म्हणजे मेगास्क्वर्टशी बोलायचं सॉफ्टवेअर, उघडलं. मेगास्क्वर्ट प्रत्येक व्होल्टेज 0 ते 1023 मध्ये मोजतो. माझा आकडा या टोकाचा त्या टोकाला गेला आणि बसला. रेस केली, तिथेच. चार हजार आरपीएम, तिथेच. गाडी बंद केली, परत पहिल्या टोकाला. अर्थिंग तपासलं, रेझिस्टर बदलला, वायर हलवून बघितली, मनातल्या मनात मारुतीला नारळ बोललो. मधला एक आकडा दिसेल तर शपथ.

"आधी तो काटा कुठे असायचा?" बाबांनी विचारलं.

"मधोमध."

"गरम झाल्यावर?"

"मधोमध."

"सिग्नलला उभं राहिल्यावर?"

"बाबा, मधोमधच असतो तो नेहमी."

"अरे, तेल गरम झालं की पातळ होतं, आयडलला प्रेशर पडतं, काटा खाली यायलाच पाहिजे. तुझा काटा काही बघतच नाहीये."

शोधलं तर खरंच. 1990 ते 94 च्या मियाटात खरा सेन्सर होता, डब्यासारखा मोठा, काटाही खरा हलायचा. 1995 पासून तिथे नुसतं स्विच आलं. थोडं प्रेशर आलं की काटा मध्ये, गेलं की शून्यावर, मधल्या गोष्टी नाहीत. फोर्डनेही 80 च्या दशकाच्या शेवटापासून कित्येक गाड्यांत हेच केलंय. आणि मला विचाराल तर बरोबरच केलंय. खरा काटा सिग्नलला खाली वाकतो, ते बघून माणूस घाबरून गॅरेजला जातो, गॅरेजवाला म्हणतो काही झालेलं नाही, माणसाला ते पटत नाही. लोकांना प्रेशर नको असतं, दिलासा हवा असतो.

तीन वायरींचा चांगला सेन्सर मागवला. पण अमेरिकेचे आटे एनपीटी पद्धतीचे, या मापात इंचाला 27, आणि जपानी इंजिनाचे बीएसपीटी पद्धतीचे, इंचाला 28. पहिले दोन आटे इतक्या प्रेमाने बसतात की सोयरीक जमलीच असं वाटतं, मग जाम. अडॅप्टर यायचाय. तोवर स्विच तर स्विच, मेगास्क्वर्टला सांगून ठेवलं की दीड हजार आरपीएमच्या वर स्विच "नाही" म्हणालं तर इंजिन बंद कर.

रविवारी बाबांना घेऊन डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूला निघालो. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर, त्यावर हिरवं चौकोन: तेल आहे. पहिल्या सिग्नललाच बाबा ओरडले, "बंद कर गाडी! काटा शून्यावर!"

"बाबा, तो सोडवलाय, लॅपटॉप बघा ना, हिरवं आहे."

"लॅपटॉपला काय कळतं? काटा शून्य म्हणजे शून्य. एसटीत असता तर मेमो मिळाला असता तुला."

मागून हॉर्न, पुढे हिरवा सिग्नल, बाबांचा हात चावीवर. त्यांना मी ढोबळ नियम पण सांगितला, हजार आरपीएमला साधारण दहा पीएसआय (दाबाचं अमेरिकन माप), तर म्हणे किलोत सांग. सत्तर शतांश किलो म्हणालो तर म्हणे, "तेवढ्यात तर पंक्चर पण कळणार नाही." सगळा रस्ता त्यांनी त्या काट्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत काढला. आयुष्यभर बसचं घड्याळ बघितलेला माणूस हिरव्या चौकोनावर का विश्वास ठेवेल?

शेवटी त्याच रात्री मेगास्क्वर्टचा एक रिकामा आउटपुट शोधला, त्यावर छोटा रिले, म्हणजे विजेने चालणारं स्विच, लावला, आणि घड्याळाची वायर त्याला दिली. आता स्विच कॉम्प्युटरला सांगतं, कॉम्प्युटर रिलेला सांगतो, आणि रिले काट्याला सांगतो की मधोमध उभा रहा.

दुसऱ्या दिवशी बाबा गाडीत बसले, चष्मा पुसून काट्याकडे बघितलं, मान डोलावली.

"हां. आता बरोबर दाखवतोय."