पेटी काढली की स्केलेटन घड्याळ होत नाही

जुन्या फ्रेंच स्केलेटन घड्याळांबद्दल, म्हणजे आतली सगळी चाकं उघडी दिसणाऱ्या घड्याळांबद्दल, एक मजकूर सगळीकडे फिरतोय: साध्या घड्याळाची पेटी काढायची, वर काचेचा घुमट ठेवायचा, झालं, कल्पना मुळात राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजांची, आणि ही घड्याळं शोभेची, वेळेला कुचकामी. यातलं एकही विधान टिकत नाही.

पेटीचंच आधी बघू. साध्या घड्याळाची चाकं दोन भरीव पितळी प्लेटांच्या मध्ये बसवलेली असतात. पेटी काढली तर प्लेट दिसेल, चाकं नाहीत. म्हणून पॅरिसच्या कारागिरांनी सांगाडाच नव्याने आखला. बऱ्याच घड्याळांत तो उलट्या इंग्रजी ‘वाय’सारखा असतो. मुख्य चाक मुद्दाम मोठं ठेवून त्याला पुष्कळ बारीक दाते पाडलेले. त्यामुळे मधली चाकं कमी लागतात आणि नजर आरपार जाते. तबकडीचा मधला भाग नाहीसा करून नुसतं कडं ठेवलेलं, त्यावर एनॅमलचे आकडे. जोसेफ कोतोसारख्या नामांकित मीनाकाराने अशी कडी रंगवली आहेत. पेटीत दडणाऱ्या भागावर कानशीचे ओरखडे राहिले तरी खपतात. इथे चाकाच्या आऱ्याची आतली कडसुद्धा घासून झिलई द्यावी लागते. ही मेहनत ‘पेटी काढली’ म्हणून उडवून लावणं मला अन्यायाचं वाटतं.

इंग्रजांचं श्रेय तर तारखाच खोडून काढतात. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९३ मध्ये नवं कॅलेंडर आणलं आणि दिवस दहा तासांचा केला. दहा तासांची सक्ती १७९५ मध्येच उठली. काही स्केलेटन घड्याळांवर हेच क्रांतिकालीन महिने आणि दहा तास आहेत. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ मध्ये.

राहिला वेळेचा प्रश्न. यातल्या अनेक घड्याळांत पिनव्हील एस्केपमेंट आहे. एस्केपमेंट म्हणजे लंबकाच्या झोक्यागणिक चाक अडवणारी आणि सोडणारी रचना. आमां या घड्याळजीने ही पिनव्हीलची तऱ्हा १७४१ च्या सुमारास काढली, लपोत या दुसऱ्या घड्याळजीने १७५३ मध्ये सुधारली. चाकाच्या कडेला दात्यांऐवजी उभ्या बारीक पिना असतात. लंबक झोक्याच्या टोकाला जातो तेव्हा पिन नुसती टेकून राहते, चाक मागे ढकललं जात नाही, म्हणून लंबकाची लय बिघडत नाही. शोभेच्या वस्तूसाठी कुणी एवढा खटाटोप करत नाही. उन्हाळ्या-हिवाळ्यात लंबकाची लांबी बदलू नये म्हणून पोलाद आणि पितळेच्या सळ्यांची जाळीही लावत; एका धातूची वाढ दुसऱ्याची वाढ भरून काढते.

मात्र काही लंबकांवरची जाळी केवळ दिखाऊ असते, हे खरं. ओळखायचं असेल तर आडव्या पट्ट्या बघाव्यात: कामाच्या जाळीत काही सळ्या पट्टीत पक्क्या बसवलेल्या असतात, काही तिच्यातून मोकळ्या सरकतात.