चार भाषा, पगार मात्र एकच

आपल्याला ग्राहकसेवेची कंपनी काढायची असेल, तर सरळ बेळगावला यावे. घरात मराठी, बाजारात कन्नड, कॅम्पात हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलणारी मुले येथे आयतीच मिळतात. या चारही भाषा त्यांना रानातल्या करवंदांसारख्या फुकट लाभल्या आहेत असे एकदा मनाशी ठरवले, की निम्मा खर्च वाचतो.

जाहिरातीत ‘बहुभाषिक’ ठळक छापावे, पगाराचा आकडा छापू नये.

मुलाखतीचे तंत्र मात्र नीट शिकून घ्यावे. परवा इथल्याच एका कंपनीने माझ्या पुतणीला ज्या शिताफीने घोळवले, तो नमुना अनुकरणीय आहे. उमेदवाराला सकाळी बोलावून दुपारपर्यंत बसवावे. मग मराठीतली तक्रार ऐकवून तिचे उत्तर कन्नडमध्ये द्यायला, नोंद इंग्रजीत करायला आणि चिडलेल्या ग्राहकाची समजूत हिंदीत काढायला लावावे. हे सारे तिने न अडखळता केले, की तिच्या इंग्रजीवर मातृभाषेची छाप असल्याचे सांगून पगार उतरवावा. ज्या मातृभाषेसाठी तिला बोलावले, तिचाच दंड तिच्याकडून वसूल करण्याची ही हुशारी साध्या माणसाला सुचायची नाही. त्यानंतर प्रशिक्षणाच्या नावाने अनामत मागावी, वर्षभर नोकरी न सोडण्याचा करार पुढे सरकवावा आणि ‘पडताळणीसाठी’ मूळ गुणपत्रिका ठेवून घ्याव्यात. पोच मागितली, तर ती मुख्य कार्यालयातून मेलने येईल असे सांगावे. मुख्य कार्यालय कोठे आहे, हे अर्थात सांगू नये.

खानापूरच्या आजोबांना रिचार्ज समजावताना दोनदा भाषा बदलावी लागली, तरी कॉलची मिनिटे वाढवून देऊ नयेत.

नंबर कर्नाटक सर्कलचा दिसला, तर मराठीचा पर्यायच ऐकवू नये. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा अजून प्रलंबित आहे. आपले सॉफ्टवेअर तोच प्रश्न निपाणीकराने बटण दाबण्याआधी निकालात काढते.

अहो, थोडी तरी लाज बाळगा. एकाच खुर्चीवर चार माणसांचे काम करून घेता, तर प्रत्येक जादा भाषेचा भत्ता नियुक्तीपत्रात लिहून द्या. नोकरी देणाऱ्याने उमेदवाराकडून पैसे घ्यायचे नसतात, हे तुम्हाला कोणी शिकवले नाही काय? आणि कागद पाहून झाले असतील, तर त्या मुलीच्या गुणपत्रिका आजच्या आज परत करा.