फ्रान्सची धर्मयुद्धं पाच मिनिटांत कशी उरकावीत

परवा एका व्याख्यानात ‘कॅथलिक आणि प्रोटेस्टंट भांडले, मग शहाणे झाले’ एवढ्यावर सोळाव्या शतकातला फ्रान्स आटोपला. टाळ्याही पडल्या. तुम्हालाही वक्ता व्हायचंय? कृती सोपी आहे.

सुरुवात थेट १५७२ च्या सेंट बार्थोलोम्यूच्या कत्तलीने, म्हणजे पॅरिसमधल्या प्रोटेस्टंटांच्या हत्याकांडाने करा. वासी गावात एका कोठारात प्रार्थनेला जमलेल्या ह्युगेनॉटांना, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांना, गीझच्या कॅथलिक ड्यूकच्या माणसांनी कापलं ते १ मार्च १५६२ ला, आणि युद्ध तिथून पेटलं. ही मधली दहा वर्षं बिनबोभाट गिळा.

युद्धं आठ झाली, हे सांगू नका. लोक घड्याळ बघतात.

पैशाचं नावही नको. राजाची तिजोरी रिकामी, भाडोत्री स्विस आणि जर्मन शिपायांचा पगार थकलेला, म्हणून दर खेपेला घाईचा तह आणि तो मोडला की पुन्हा तलवारी. एवढं बोललात तर धर्माची गंमत जाते.

माणसांच्या दोनच रांगा करा. लांगदॉकचा सुभेदार दांव्हिल कॅथलिक असून ह्युगेनॉटांशी हातमिळवणी करून बसला होता. त्याला सभागृहाबाहेर ठेवा. तीन हेन्रींच्या वाटेला तर जाऊच नका. राजा तिसरा हेन्री, कॅथलिक. कॅथलिक लीग या कट्टर कॅथलिकांच्या गटाचा पुढारी हेन्री गीझ, तोही कॅथलिक. डिसेंबर १५८८ मध्ये ब्लुआच्या वाड्यात राजाने आपल्या अंगरक्षकांकरवी गीझला भोसकून मारवलं, दुसऱ्या दिवशी त्याच्या कार्डिनल भावालाही. पॅरिस राजावर उलटलं. कुठलं पॅरिस? कट्टर कॅथलिक! मग राजा गेला कुणाकडे? नावारच्या हेन्रीकडे, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या म्होरक्याकडे. दोघं मिळून पॅरिसवर चालून आले, आणि १ ऑगस्ट १५८९ ला राजाच्या पोटात सुरा खुपसला तो जाक क्लेमांने. हा कोण? डोमिनिकन पंथाचा, म्हणजे कॅथलिकच मठवासी! आता लावा रांगा. लावा ना!

शेवटी, नावारचा हेन्री राजा झाल्यावर त्याने ह्युगेनॉटांना उपासनेची मुभा देणारा जो काढला तो १५९८ चा नांतचा जाहीरनामा ‘सहिष्णुतेचा विजय’ म्हणून फडकवायचा.

अहो, वाचलाय का तो? पॅरिसमध्ये ह्युगेनॉटांच्या उपासनेला त्यात मनाई आहे. तटबंदीची गावं आठ वर्षांसाठी त्यांच्या ताब्यात, तिथल्या शिबंदीसाठी पैसा राजाचा. मनं जुळली होती तर शिबंदी कशाला लागली? दमलेल्या दोघांमधला तो करार होता, आणि १६८५ मध्ये चौदाव्या लुईने तो रद्दही केला. हे सगळं चाळायला एक दुपार पुरते. तेवढीही काढायची नसेल तर माइकला हात लावू नका.