लडाखचे डोंगर याकांनी बोडके केलेले नाहीत

लडाखहून परतलेल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. वर उजाड, तपकिरी उताराचा फोटो, पुढ्यात चार-पाच याक आणि खाली मजकूर: 'याक आणि शेळ्या-मेंढ्यांनी हिमालय ओरबाडला. जमीन कुणाचीच नाही, म्हणून जो तो जनावरं सोडतो. चराई बंद करा, या लोकांना एका जागी वसवा, दहा वर्षांत डोंगर हिरवे होतील.' माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला. पाठवणाऱ्यांना हिमालयाची कळकळ आहे हे मला मान्य आहे. म्हणूनच उत्तर सविस्तर देतो आहे.

आधी फोटो. सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्याला तपकिरी डोंगर दिसला की वाटतं, इथे झाडी होती आणि कुणीतरी ती संपवली. लेहला वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पडतं; महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पाऊस. पूर्वेकडचं चांगथांगचं पठार सव्वाचार हजार मीटरच्या वर, तेही पर्जन्यछायेत. एकही याक नसता तरी तो उतार असाच दिसला असता. गवत असतं ते ओढ्याकाठी, तळ्याकाठच्या दलदलीत, दरीच्या तळाला.

आता याक ते गवत कसं खातो ते बघा. आपली गाय जीभ गवताभोवती गुंडाळून हिसका देते, त्यामुळे तिला जरा उंच गवत लागतं. याकची जीभ आखूड, ओठ पातळ आणि चपळ. तो गाईसारखंही चरतो आणि मेंढीसारखं बोटभर उंचीचं गवतही ओठांनी धरून खुडतो. हिवाळ्यात खुरांनी, तोंडाने बर्फ बाजूला सारून खालचं वाळकं गवत काढतो. दलदलीतल्या कोब्रेसियासारख्या वनस्पतींचे वाढते कोंब जमिनीलगत असतात आणि मुळांची दाट गादी झालेली असते. वरचं पातं खुडलं तर खालून नवं येतं, फक्त त्याला तेवढी उसंत मिळायला हवी. ती उसंत कधी आणि किती द्यायची, हे ठरवायला तिथे माणसं आहेत.

मेसेजमधलं सर्वांत चुकीचं वाक्य म्हणजे 'जमीन कुणाचीच नाही'. चांगथांगवर कळप घेऊन फिरणाऱ्या चांगपा पशुपालकांच्या प्रत्येक गटाला गोबा, म्हणजे मुखिया असतो. तो आणि जाणती मंडळी मिळून ठरवतात की कुठल्या कुटुंबाने कुठल्या कुरणावर जायचं, किती दिवस थांबायचं आणि कधी हलायचं. वाऱ्याने बर्फ उडून जातं अशा जागा हिवाळ्यासाठी राखलेल्या असतात. उन्हाळ्यात तिथे जनावर न्यायचं नाही. गुरुडोंगमार तळ्याला जाताना आपण मुक्काम करतो त्या उत्तर सिक्कीममधल्या लाचेनला झुम्सा आहे, म्हणजे गावची सभा. दरवर्षी निवडलेले पिपोन तिचं काम बघतात. कुठल्या तारखेला जनावरं वर न्यायची, कधी खाली आणायची हे तिथे ठरतं, आणि तारीख मोडणाऱ्याला दंड होतो.

सामाईक जमीन हमखास उजाड होते ही कल्पना १९६८ साली अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या लेखामुळे जगभर पसरली. पुढे त्यांनीच कबूल केलं की हे नियम नसलेल्या सामाईक जमिनीला लागू पडतं. नियम करून सामाईक साधनं टिकवणाऱ्या समाजांचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी केला, आणि त्यासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गोबा आणि झुम्सा हे त्याच जातीचे नियम आहेत.

'चराई बंद करा, हिरवळ येईल.' हा प्रयोग करून झालेला आहे. उत्तराखंडातली फुलों की घाटी १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाली आणि तिथली शेळ्या-मेंढ्यांची चराई थांबली. त्यानंतर पोलिगोनम नावाची उंच वाढणारी वनस्पती दरीत माजली; वनखात्याला ती उपटत बसावं लागतं. ती केवळ चराईबंदीमुळे माजली का यावर मतभेद आहेत, पण दरी आपोआप सुधारली नाही एवढं नक्की. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी उद्यानात त्याच वर्षी म्हशींना बंदी झाली. तिथे आपल्या मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) दहा वर्षं अभ्यास केला. म्हशी गेल्यावर गवत माजून पाणी गुदमरलं आणि पाणपक्ष्यांचं नुकसान झालं, असं त्यातून दिसलं. भरतपूर सखल आहे, याकचा मुलूख नाही. तरी जनावर काढलं की निसर्ग सावरतो हा समज तिथेही टिकला नाही.

काही कुरणांवर ताण आहे हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण तो का आला? १९६२ नंतर सीमेपलीकडची हिवाळी कुरणं तुटली, तिबेटमधून निर्वासित आपापले कळप घेऊन आले, आणि पश्मिन्याला, म्हणजे शेळीच्या तलम लोकरीला, भाव मिळू लागल्यावर शेळ्या वाढल्या. जमीन कमी झाली, तोंडं वाढली. याक मात्र घटले: पशुगणनेनुसार देशात २०१२ साली ते सुमारे ७७ हजार होते, २०१९ साली ५८ हजार. त्याच २०१९ साली उत्तर सिक्कीमच्या मुकुथांग भागात सुमारे ३०० याक उपासमारीने मेल्याचं समोर आलं. डिसेंबरपासून पडत राहिलेल्या बर्फाखाली चारा गाडला गेला होता. तिथे हवा होता वेळेवर पोचलेला चारा.

राहिलं 'एका जागी वसवा'. चांगथांगमधल्या खरनाकची बरीच चांगपा कुटुंबं लेहजवळ खरनाकलिंगला येऊन राहिली आहेत. मुलांची शाळा, दवाखाना, थंडी, कारणं रास्त आहेत आणि त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण मागे राहिलेल्या मोजक्या घरांना लांबच्या कुरणावर पाठवायला माणूस पुरत नाही. मग जनावरं जवळच्याच दोन-तीन कुरणांवर फिरत राहतात. लांबचं गवत उभं वाळतं, आणि जवळच्याला उसंत मिळत नाही.