दहा वर्षं मिलिटरी आणा म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात ऑफिसात डबा खाताना परत तोच विषय निघाला. सुरुवात रस्त्याच्या रखडलेल्या कामावरून झाली आणि पोचलो नेहमीच्या ठिकाणी, "आपल्या देशाला दहा वर्षं मिलिटरीच पाहिजे, सगळे सुतासारखे सरळ होतील." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, आता फॅमिली ग्रुपवर. म्हणणारा माणूस वाईट नसतो, वैतागलेला असतो आणि त्याचा वैतागही खरा असतो. पण त्या दिवशी मला गप्प बसवेना. डबा संपेपर्यंत बोलत राहिले तरी सगळं सांगून झालं नाही, म्हणून इथे लिहितेय. लांब आहे, सवडीने वाचा.

दक्षिण कोरिया आपल्याला सॅमसंग, ह्युंदाई आणि घराघरातल्या पोरींच्या के-ड्रामामुळे माहितीये. पण त्या देशाने मिलिटरीचं राज्यही बघितलंय आणि लोकशाहीही, आणि दोन्ही बघितलेली माणसं आज जिवंत आहेत. देश तोच आणि मार्शल लॉही (म्हणजे नेहमीचा कारभार बाजूला सारून लष्कराच्या हाती सत्ता) तोच, मध्ये फक्त ४४ वर्षं.

आधी १९८०. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथला हुकूमशहा पार्क चुंग-ही याची त्याच्याच गुप्तचर प्रमुखाने हत्या केली, लोकांना वाटलं आता मोकळा श्वास घेता येईल, तर डिसेंबरमध्ये चुन दू-ह्वान नावाच्या जनरलने लष्करच ताब्यात घेतलं. विद्यार्थी रस्त्यावर आले. मागणी काय, तर पार्कच्या हत्येनंतर लागलेला मार्शल लॉ उठवा आणि निवडणुका घ्या. यावर विचार करायला २० मे ला संसदेची बैठक ठरली होती. ती झालीच नाही, कारण १७ मे च्या रात्री मार्शल लॉ सगळ्या देशाला लावला, विरोधी नेते किम दे-जुंग यांना उचललं आणि संसदेच्या दारात सैनिक उभे केले.

ग्वांगजू शहरातले विद्यार्थी तरीही १८ मे ला जमले. त्यांच्यावर पॅराट्रूपर सोडले, म्हणजे शत्रूच्या प्रदेशात उडी मारायचं ट्रेनिंग दिलेली पोरं आपल्याच देशातल्या कॉलेजच्या गेटवर. बघ्यांना, दुकानदारांना, कुणालाही दंडुक्याने झोडपलं. मग सगळं शहरच उठलं, टॅक्सीवाले आणि बसवाले हेडलाइट लावून रांगेने सैनिकांसमोर गेले. २१ तारखेला प्रांताच्या सरकारी कचेरीसमोर जमलेल्या गर्दीवर गोळीबार झाला. सैन्य शहराबाहेर गेलं आणि पुढचे काही दिवस लोकांनीच शहर चालवलं. रक्त द्यायला हॉस्पिटलसमोर रांगा लागल्या, बायकांनी रस्त्यावर चुली मांडून भाताचे मुठीएवढे गोळे वळून वाटले. २७ तारखेच्या पहाटे रणगाडे परत आले आणि कचेरीत थांबलेल्या पोरांना संपवलं. नंतरच्या सरकारी मोजणीतच दीडशेच्या वर नागरिक मेले. काहींचे मृतदेह अजून सापडलेले नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते यापुढचं. बाकीच्या कोरियाला यातलं काही कळलंच नाही. पेपर सेन्सॉर, टीव्ही सेन्सॉर. आपल्या शहरात माणसं मरतायत आणि टीव्हीवर त्याचा शब्द नाही म्हणून चिडलेल्या लोकांनी ग्वांगजूचं टीव्ही स्टेशन पेटवलं होतं. सरकारने सांगितलं की हे कम्युनिस्टांनी भडकवलेले दंगलखोर आहेत, आणि मेलेल्यांच्या आया कित्येक वर्षं दंगलखोराची आई म्हणून जगल्या. किम दे-जुंग त्या दिवसांत कोठडीत होते तरी हे सगळं त्यांनीच घडवलं म्हणून त्यांना फाशीची शिक्षा सुनावली, ती नंतर बाहेरच्या देशांच्या दबावामुळे कमी झाली.

आता ३ डिसेंबर २०२४. राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल, रीतसर निवडून आलेला माणूस, रात्री साडेदहाच्या सुमारास टीव्हीवर येतो आणि मार्शल लॉ लावल्याचं सांगतो. अडचण काय होती त्याची? संसदेत विरोधकांचं बहुमत होतं, ते बजेट कापत होते, त्याच्या अधिकाऱ्यांवर महाभियोग आणत होते. सरकारला जड जाणारी गोष्ट, पण पूर्ण कायदेशीर. त्याने त्यांना देशविरोधी शक्ती म्हटलं. अकरा वाजल्यापासून संसद बंद, पक्ष बंद, पेपर-टीव्ही लष्कराच्या ताब्यात असा हुकूम निघाला आणि हेलिकॉप्टरमधून कमांडो थेट संसदेत उतरले.

म्हणजे बघा, निवडून आलेल्या माणसाची त्या रात्रीची भाषा आणि जनरलची भाषा एकच होती. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण लोकशाहीतले नेते जात्याच चांगले असतात असं मला अजिबात म्हणायचं नाहीये.

पण १९८७ मध्ये, लाखो लोक रस्त्यावर उतरल्यावर, पोलिस कोठडीतल्या छळात एक विद्यार्थी आणि अश्रुधुराचं नळकांडं डोक्यात बसून दुसरा विद्यार्थी गेल्यावर, कोरियाने नवीन राज्यघटना केली. त्यात कलम ७७ आहे, की संसदेच्या एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी मागणी केली तर राष्ट्राध्यक्षाला मार्शल लॉ उठवावाच लागेल. ३०० पैकी १५१ माणसं काहीही करून सभागृहात पोचायला हवी होती. ६७ वर्षांचे सभापती वू वॉन-शिक कुंपणावरून चढून आत गेले. विरोधी पक्षनेते ली जे-म्योंग मोबाइलवर लाइव्ह करत भिंत चढले आणि लोकांना सांगत राहिले की संसदेपाशी या. लोक खरंच आले, डिसेंबरच्या थंडीत, मध्यरात्री, त्यात ग्वांगजू अनुभवलेल्या पिढीचेही लोक होते. आतल्या कर्मचाऱ्यांनी टेबलं-सोफे लावून दारं अडवली, आग विझवायचे सिलिंडर सैनिकांवर फवारले. रात्री एकच्या सुमारास मतदान झालं. हजर १९०, बाजूने १९०, आणि त्यातले १८ राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या पक्षाचे. पहाटे साडेचारला मार्शल लॉ उठला.

सैनिकांनी खिडक्या फोडल्या पण गोळी चालवली नाही. पुढे ४ एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमताने यूनला पदावरून काढलं, तेव्हा निकालात लिहिलं की संसद इतक्या लवकर मतदान करू शकली ते लोकांच्या विरोधामुळे आणि सैनिक-पोलिसांनी हुकूम मनापासून न पाळल्यामुळे. मी हे वाचलं तेव्हा मला रडू आलं, खरं सांगते. कारण त्या सैनिकांना शाळेत ग्वांगजू शिकवलेलं होतं. हुकूम देणाऱ्या जनरलला नंतर कोर्टात उभं करतात हेही माहिती होतं, चुन दू-ह्वानला १९९६ मध्ये खालच्या कोर्टाने फाशी सुनावली होती, वर त्याची जन्मठेप झाली आणि १९९७ च्या शेवटी त्याला माफी मिळाली. ती माफी कुणाच्या संमतीने मिळाली? नुकतेच राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या किम दे-जुंग यांच्या. ज्यांना त्याच्याच राजवटीने फाशी सुनावली होती.

आणि या वेळी लोक मधले चार महिने काय करत होते, तर आंदोलनाजवळच्या कॅफेंमध्ये अनोळखी लोकांसाठी आधीच पैसे भरून कॉफी आणि किम्बाप (भाताचे कोरियन रोल) ठेवत होते, की थंडीत उभं राहणाऱ्या कुणीही येऊन न्यावं. मला ते भाताचे गोळेच आठवले.

आमच्या टेबलावर एकाने चीनचं उदाहरण दिलं, की तिथे बघा कसे पटापट निर्णय होतात. होतात ना. नोव्हेंबर २०२२ मध्ये उरुम्चीत आग लागून दहा माणसं गेली, लॉकडाऊनमुळे त्यांना बाहेर पडता आलं नाही असं लोक म्हणाले, आणि शहराशहरात तरुण मुलं कोरा कागद हातात धरून उभी राहिली, कारण काहीही लिहिलं तरी गुन्हा. दोन आठवड्यांत सरकारने कोविडचे कडक नियम ढिले केले. म्हणजे ऐकलं! पण ऐकलं असं कबूल केलं नाही, आणि कागद धरणाऱ्यांना मात्र नंतर एकेक करून गुपचूप उचललं. तीन वर्षं तेच धोरण चुकत होतं तेव्हा ते चुकतंय हे वरच्यांना कोण सांगणार होतं?

आपल्याकडचं तर लांब जायला नको. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली, मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, दिल्लीत पेपरवाल्यांची वीज कापली. इंदिरा गांधीही निवडूनच आल्या होत्या, प्रचंड बहुमताने. त्याच डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या, आणि पुढे त्यांना अटक झाली. माझे मोठे मामा मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवायच्या कायद्याखाली, आत होते. आजी शेवटपर्यंत सांगायची की कोर्टकचेरी सोडा, कशासाठी नेलंय तेवढंही कुणी सांगत नव्हतं. तेव्हाचा कायदाच तसा केला होता, कारण सांगायची गरजच नाही. आणि १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. तो एक म्हणजे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना, त्यांचं सरन्यायाधीशपद त्यापायी गेलं.

पण १९७७ ला लोकांनी मत दिलं आणि १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली. "अंतर्गत अशांतता" हे कारण काढून "सशस्त्र बंड" घातलं. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय हवा. महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. लोकसभेच्या एक दशांश खासदारांनी लेखी मागणी केली तर चौदा दिवसांत खास बैठक घ्यायची आणि साध्या बहुमताने नापसंती झाली तर आणीबाणी मागे घ्यायची. कोरियाचं कलम ७७ आणि आपलं हे, दोन्ही मार खाल्लेल्या लोकांनी लिहिलेली कलमं आहेत.

हे सगळं ऐकून सहकारी म्हणाला, "तरी पण ताई, आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या, माझे वडील सांगतात."

मी त्याला एवढंच विचारलं की एखादी गाडी चार तास लेट झाली असती, तर ते दुसऱ्या दिवशी कुठल्या पेपरात छापून आलं असतं?

तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला वडिलांना विचारतो. विचारून आला की इथेच कमेंटमध्ये लिही म्हणलंय त्याला.