उबेचा दाखला

इंग्लंडात प्लॉट घेऊन स्वतःचं घर स्वतःच बांधायचं तुमच्या मनात आलंय, असं कळलं. उत्तम. ‘घर पाहावं बांधून’ हे ज्यानं म्हटलं त्याच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. चार ढलप्या, एक गोवरी, फुंकणी आणि आजीची आरडाओरड, एवढ्यावर गरम पाण्याची यंत्रणा सुरू व्हायची. आजीकडे कुणी बंबाचं कमिशनिंग सर्टिफिकेट, म्हणजे तो नीट सुरू करून तपासल्याचा दाखला, मागितल्याचं ऐकिवात नाही. तुमची पिढी सुधारलेली. तुम्ही आधी फाइल आणा, चांगली जाडजूड. विटांचं नंतर बघू.

एक गोष्ट मनाशी पक्की करा: घर उबदार असणं हा घर उबदार असल्याचा पुरावा नाही. जानेवारीत बाहेर बर्फ पडतोय, तुम्ही बनियनवर बसलाय, बांधकामाचे नियम पाळलेत का ते बघणाऱ्या बिल्डिंग कंट्रोलचा इन्स्पेक्टर कोट काढून घाम पुसतोय. तरी तो विचारणार, कागद कुठे आहेत? आणि त्याचं बरोबरच आहे. घाम काय, मिसळ खाऊनही येतो.

घराला ऊर्जा किती लागेल ते काढायचं ‘सॅप’ नावाचं एक गणित असतं. आपल्या कानाला त्यात साप ऐकू येतो, आणि कान खोटं बोलत नाहीत. हा दोनदा डसतो. एकदा नकाशावर, काम सुरू व्हायच्या आधी. आणि एकदा घर उभं राहिल्यावर, प्रत्यक्षात जे बसवलं त्यावर. तेव्हा मधल्या काळात हीट पंपाचं, म्हणजे बाहेरची ऊब ओढून घर आणि पाणी तापवणाऱ्या यंत्राचं, मॉडेल जरूर बदला. ठरवलेला मिळाला नाही, दुसरा स्वस्तात पडला, मेव्हण्यानं सुचवला, कारण कुठलंही चालेल. पंपाचे पाइप आत घ्यायला प्लंबरनं भिंतीला पाडलेलं भोकही तसंच राहू द्या. शेवटी दाराला मोठा पंखा लावून घरातून हवा किती गळते ते मोजायला माणूस येतो, त्यालाही काही सापडायला नको का?

फोटोंचं तर मुळीच मनावर घेऊ नका. जून २०२२ मध्ये लागू झालेला पार्ट एल, म्हणजे बांधकाम नियमांतला ऊर्जा वाचवण्याचा भाग, सांगतो की इन्सुलेशन झाकलं जायच्या आत फोटो काढा. पायाचे, भिंतींचे, छपराचे, गरम पाण्याच्या पाइपांवरच्या आवरणाचेसुद्धा. तेही मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून, म्हणजे जागा, तारीख, वेळ सगळं नोंदलं जातं. तुम्ही लोकेशन बंदच ठेवा, बॅटरी वाचते. प्लास्टर झाल्यावर आठवण झाली तर भिंत फोडता येतेच. मी घाबरट माणूस, मी काढले. माझ्या मोबाइलमध्ये लेकीच्या वाढदिवसाचे सहा फोटो आहेत आणि पाइपांच्या वळणांचे एकशे चाळीस. त्यातल्या निम्म्यांत माझा अंगठा आहे.

आता पाणी. नव्या घरात बाथटबात पडणारं पाणी ४८ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी एक व्हॉल्व्ह बसतो आणि त्याचाही हिशेब द्यावा लागतो. नरकचतुर्दशीला पहाटे अंग भाजल्याशिवाय ज्यांना अभ्यंगस्नान झाल्यासारखं वाटत नाही, त्या आपल्या सासूबाईंना हा नियम तुम्हीच समजावून सांगा. माझ्या सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि गॅसवर पातेलं चढवलं. पातेल्याला सर्टिफिकेट लागत नाही.

सह्यांचा भाग मला सगळ्यात आवडतो. ऑक्टोबर २०२३ पासून इंग्लंडात काम करवून घेणारा, मुख्य डिझायनर आणि मुख्य कंत्राटदार अशा तिघांवर जबाबदारी टाकलेली आहे. घर पूर्ण झाल्यावर तिघांनीही नियम पाळल्याचं सहीनिशी सांगायचं. सगळं आपणच करणाऱ्याला म्हणजे तीन खुर्च्यांवर बसणं आलं. पहिल्या खुर्चीतला मी दुसऱ्या खुर्चीतल्या माझ्याकडे अजून संशयानं बघतो. त्याची कामं मी पाहिलेली आहेत.

पैशांची काळजी नको, सरकार हीट पंपाला ७,५०० पौंड देतं. बिल्डरनं विकायला बांधलेल्या नव्या घराला नाही, स्वतः बांधलेल्या घराला देतं. फक्त पंप स्वतः बसवलेला चालत नाही. तो बसवणारा प्रमाणित हवा आणि अर्जही त्यानंच करायचा. साहित्यावर भरलेला व्हॅटही परत मागता येतो, एकदाच, आणि घर पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ऐकत आपण मोठे झालो. इथे सहा महिने सरकार थांबतं, मग उठून जातं. दुकानदारानं किंवा कंत्राटदारानं चुकून व्हॅट लावला असेल, तर तो सरकार देत नाही, ज्यानं लावला त्याच्याशीच भांडायचं. तेव्हा बिलं बघू नका, नुसती साठवा. गोणीत.

आणि प्लंबरचे सगळे पैसे शेवटच्या दिवशीच देऊन टाका. आपल्याला कुणाचे ठेवायचे नाहीत. गरम पाण्याच्या सिलिंडरचा दाखला, पाइप धुऊन आत गंज न चढायचं औषध घातल्याची नोंद, पंप सुरू करून तपासल्याचा कागद, हे सगळं तो ‘सोमवारी ईमेल करतो’ म्हणेल. मी विश्वास ठेवला. सोमवार बरेच आले. कागद नाही म्हणून कम्प्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे घर पूर्ण झाल्याचा दाखला, नाही, ते नाही म्हणून बँकेकडून यायचा कर्जाचा शेवटचा हप्ता नाही, आणि हप्ता नाही म्हणून दुसरा प्लंबर बोलवायला पैसे नाहीत. दरम्यान घर झकास गरम होतं. गुरुजींनी वास्तुशांतीचा मुहूर्त विचारला तर मी त्यांना इन्स्पेक्टरचा नंबर दिला.

शेवटी एक पुस्तिका मालकाला द्यावी लागते, घर कसं वापरावं याची. ती मी लिहिली आणि मीच मला दिली. परवा थर्मोस्टॅट अडून बसला तेव्हा तिची आठवण झाली. फाइल पोटमाळ्यावर, छताच्या इन्सुलेशनच्या वरच्या अंगाला, म्हणजे अख्ख्या घरात ऊब पोचत नाही अशा एकमेव जागी. स्वेटर चढवला, कानटोपी घातली आणि शिडी लावली.